शेवयांची पाजणी

शेवई म्हणजे शेवटी काय, तर कणकेचं सूत. हे वाक्य मी रमजानातल्या एका दुपारी, रोज्याने घसा सुकलेला असताना, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या बसल्या बोललो. बोललो नसतो तर त्या वर्षीची ईद इतर वर्षांसारखी निमूट गेली असती, आणि आमच्या गल्लीतले लोक मला पाहून अजूनही दोन बोटांत हवेतलं सूत चोळून दाखवतात, ते दाखवत नसते.

झालं होतं असं, की उमरेडहून निरोप आला. सूत न्यायला येणारा धोंडबा सायकल भिंतीला लावता लावताच म्हणाला, "बुढनभाई, आपानं सांगतलं, यंदा डबा येत नाही. मनगटं चालत नाही म्हणते. बाजारच्या शेवया खा म्हणे. ईदले मी येते म्हणे."

आपा म्हणजे माझी थोरली बहीण हुरमतबी. आमचं लग्न झाल्यापासून दर ईदच्या आधी तिच्या हातच्या शेवयांचा डबा उमरेडहून येत असे. पाटावर वळलेल्या, इतक्या बारीक की उजेडासमोर धरल्या तरच दिसाव्यात. डबा यायचा, माझी बायको जैतून तो उघडायची, आणि आमच्या घरात ईद सुरू व्हायची. त्यामुळे आमच्या घरात शेवई कशी करतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जैतूनला नाही, सून रेहानाला तर नाहीच.

पण खरी गोष्ट डब्याची नव्हती. दूल्हाभाई, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून आपा उमरेडला एकटी राहत होती. मी दर ईदला म्हणायचो, आता इथेच राहा. ती दर ईदला म्हणायची, "तुह्या घरी मी करू काय? जैतून आहे, रेहाना आहे. मी का खाटेवर बसून पाहुणीसारखी चहा पेत राहू?" आणि दुसऱ्या दिवशी बस पकडायची. आता मनगटं गेली म्हणजे विहिरीवरून पाणी कोण काढणार, भाकर कोण थापणार? मी मनाशी ठरवलं की या ईदला आपाला परत जाऊ द्यायचं नाही.

त्यासाठी मी एक बेत केला. घर असं चोख दिसलं पाहिजे, सगळं असं बिनबोभाट झालं पाहिजे, की आपाला वाटावं, इथे आपल्याला काडी उचलायची गरज नाही, आराम करावा. आणि त्याची सुरुवात शेवयांपासून. तिच्या तोडीच्या शेवया घरी करून तिच्यापुढे ठेवायच्या. बेत मला फार आवडला. जैतूनला आवडला नाही.

"अजी, शेवयानं आपा थांबते काय?"

"तुला नाही कळायचं."

"मले नाही कळत. शेवयाही नाही येत. मग बनवन कोन?"

तेव्हा मी ते सुताचं वाक्य बोललो. जैतून म्हणाली, "बनवा मग," आणि भांडी घासायला निघून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी 'बनवा मग' म्हणजे परवानगी नव्हे, हे माझ्या लक्षात राहत नाही.

वाक्य नत्थूजीने ऐकलं. नत्थूजी कोष्टी माझा शेजारी. आमच्या दोघांच्या मागांमध्ये एक भिंत आहे, पण त्याच्या सल्ल्याला ती कधी आडवी आलेली नाही. भिंतीपलीकडे त्याच्या मागाचा धोटा थांबला आणि आवाज आला, "बरोबर बोलले बुढनभाई. सुतातलं आपल्याले काय शिकवते कोनी?"

पाठोपाठ त्याची बायको रुख्माबाई दारात आली. वैशाख असल्याने गल्लीतल्या घराघरांत पापड, कुरडया, शेवया चाललेल्याच होत्या. ती म्हणाली, "भाऊ, कायले कुटाने करता? माह्या घरी पाटावरच्या शेवयाचा डबा भरून आहे. घेऊन जा ना."

यात काही वाईट नव्हतं. आता मला ते दिसतं. पण त्या वेळी मला वाटलं, आपासमोर शेजारच्या घरातल्या शेवया ठेवू? मग बाजारानेच काय घोडं मारलं? मी नम्रपणे नाही म्हटलं. रुख्माबाई म्हणते की मी नम्रपणे म्हटलं नव्हतं.

पाटावर वळणं आमच्याने होण्यासारखं नव्हतं. मशीन हवी होती. ती होती आमच्या विणकर सोसायटीच्या कपाटात. महिलांनी घरबसल्या चार पैसे मिळवावेत अशा कुठल्याशा योजनेत ती आली होती. चकचकीत, हाताने फिरवायची, पाटाला स्क्रूने बसवायची. मी भर उन्हात सोसायटीत गेलो. सचिव मनोहरराव पंख्याखाली बसले होते. पंखा बंद होता, पण त्यांनी जागा सोडली नव्हती.

"मशीन महिलांसाठी आहे," ते म्हणाले.

"माझ्या घरी महिला आहेत."

"त्या सभासद आहेत का?"

"सभासद मी आहे."

"तुम्ही महिला नाही."

पाणी पिता येत नव्हतं, नाहीतर पाणी प्यालो असतो. मी विचारलं, "आजपर्यंत ही कोणी नेली?"

"कोणीच नाही. म्हणून तर पहा, कशी नवीच्या नवी आहे." त्यांनी कपाट उघडून मला ती दाखवली आणि कपाट परत लावलं.

शेवटी मार्ग निघाला तो असा. रुख्माबाई महिला समितीत होती, कशी आणि कधी झाली ते तिलाही सांगता आलं नाही. तिच्या सहीवर मशीन मिळाली, पण मनोहररावांनी अट घातली की मशीन महिलाच चालवतील आणि ते स्वतः येऊन पाहून जातील. म्हणजे ज्या बाईच्या शेवया मी नाकारल्या होत्या, तिलाच माझ्या अंगणात बसवून शेवया करून घेण्याची पाळी माझ्यावर आली. तिने ती संधी साधली. हॅण्डलच्या प्रत्येक फेऱ्याला ती म्हणायची, "घरी डबा भरून आहे, अन् पाहा मी काय करून राहिली."

मी बाजूला स्टुलावर बसलो. मशीनला हात लावायची मला मुभा नव्हती. माझा बेत, माझा मैदा, माझी बहीण, आणि मनोहरराव मला म्हणतात, "जरा मागे सरका."

मैद्यावरून आधीच पुष्कळ झालं होतं. रुख्माबाई म्हणाली होती, गहू भिजवा, दळा, कापडातून गाळा, त्याचा रवा घ्या. नत्थूजी म्हणाला होता, मैदाच पाहिजे, आपण सुताच्या खळीत तांदळाबरोबर मैदाही घालतो, चिकट राहते. मी नत्थूजीचं ऐकलं. ही त्या उन्हाळ्यातली माझी पहिली चूक नव्हती आणि शेवटचीही नव्हती.

पहिल्या शेवया बाहेर पडल्या. नत्थूजीने एक उचलली, अंगठा आणि बोटामध्ये धरली, डोळे मिटले आणि हळूहळू चोळली.

"वीस नंबर," तो म्हणाला.

"काय वीस नंबर?"

"वीस नंबरचं सूत आहे बुढनभाई. याची खीर नाही होत. सतरंजी होते."

जे विणकर नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. आपाच्या शेवया शंभराच्या वर असत. मी अपमान गिळला. रोज्यात तेवढंच गिळता येतं. मग मला सुचलं, की ओली शेवई टांगली तर स्वतःच्या वजनाने लांबेल. लांबली की बारीक होईल. आम्ही गल्लीत बांबू बांधले, ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत पसरायला बांधतो तसेच, आणि त्यांच्यावर शेवया सोडल्या. त्या खरंच लांबल्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून दोन बोटांत चोळून पाहू लागला. कोणी म्हणे तीस, कोणी म्हणे चाळीस. गल्लीच्या टोकाचे महादेवराव काठी टेकत आले आणि म्हणाले साठ, पण त्यांना मोतीबिंदू होता. तरी मी त्यांचाच आकडा धरला.

मग नवतपाचं, ऐन उन्हाळ्यातलं तापलेलं वारं सुटलं आणि शेवया तुटायला लागल्या. खाली अंथरलेल्या चादरीवर टपटप तुकडे पडत होते. मी एका बांबूपाशी, नत्थूजी दुसऱ्यापाशी. दोन विणकरांसमोर सूत तुटतं आहे. अशा वेळी जगातल्या कुठल्याही दोन विणकरांच्या डोक्यात एकच विचार येतो. आमच्याही आला. तोंडातून काढला मात्र नत्थूजीने.

"पाजणी करावं लागते."

मागावर चढवण्याआधी ताण्याचं सूत लांब पसरून त्यावर कुंच्याने खळ चढवतात, म्हणजे सूत ताठ होतं, तुटत नाही. ती पाजणी. आमच्या गल्लीत पोर चालायला लागायच्या आधी पाजणीच्या बांबूंखालून रांगतं.

जैतून दारातून म्हणाली, "अजी, हे खायाचं आहे."

"मग खळ कशाची असते? तांदळाचीच ना? आपण भात खात नाही काय?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं, पण ती म्हणाली, "मी काय बोलू बाप्पा," आणि आत गेली.

मी निष्काळजी माणूस नाही. मी नवा कुंचा आणला. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते घातलं नाही. सूत मऊ राहावं म्हणून तेल घालतात, त्याऐवजी मी चांगलं तूप घातलं. तांदूळ निवडलेला होता. आम्ही दोघांनी त्या शेवयांवर अशी पाजणी केली की इतक्या निगुतीने कधी शालूच्या ताण्यावर केली नसेल. वरून खाली, खालून वर, एक धागा दुसऱ्याला चिकटू न देता. निदान तेव्हा तरी चिकटला नव्हता.

वाळल्यावर त्या शेवया पाहण्यासारख्या झाल्या. सरळ, चकचकीत. वारं आलं तरी एक तुटली नाही, उलट त्यातून बारीक आवाज यायला लागला, फुंकणीतून येतो तसा. गल्लीतली गाय आली, तिने हुंगलं, आणि पुढे गेली. ती गाय पोस्टाची पाकिटं खाते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता कोणी विचारेल, चव का पाहिली नाही? अहो, घरात सगळ्यांचे रोजे. दिवसा जिभेला काही लावायचं नाही. संध्याकाळी रोजा सोडल्यावर रेहाना म्हणाली, "अब्बा, मूठभर शिजवून पाहू का?" मी म्हटलं, नाही, पहिला घास आपाचा. आख्ख्या बेतात चव पाहायला मोकळा आणि तयार माणूस एकच होता, नत्थूजी. त्याने एक कच्चीच तोंडात टाकली, बराच वेळ चावली, गाल बदलून चावली, आणि मोठ्या मनाने म्हणाला, "भल्ली मजबूत आहे."

मी खूश झालो. आपल्या कामाला विणकराने मजबूत म्हणावं, याहून काय पाहिजे?

चंद्र दिसायच्या दिवशी दुपारी आपा आली. रिक्षातून उतरली, काखेत एक गाठोडं, दोन्ही मनगटांना फडकी बांधलेली. तिने गल्लीतल्या बांबूंकडे पाहिलं.

"माग रस्त्यावर काहून काढला?"

"तसं काही नाही आपा, तू आत चल. आराम कर."

शेवया मी तिच्याच जुन्या डब्यात भरून फळीवर ठेवल्या होत्या. तिची नजर गेलीच. तिने रेहानाला डबा काढायला लावला, हलवून पाहायला लावला. आतून खिळ्यांसारखा आवाज आला. आपाने डबा परत ठेवायला लावला.

मी घरात सगळ्यांना बजावलं होतं की आपाला काडी उचलू द्यायची नाही. ते सगळ्यांनी इतकं पाळलं की काय सांगू. आपाने तांदूळ निवडायला मागितले, जैतून म्हणाली, निवडून झाले. लसूण मागितला, रेहाना म्हणाली, तुम्ही बसा. तिने खाटेवरची चादर नीट केली तर मी धावलो. संध्याकाळी रोजा सोडला, पाण्याच्या टाकीमागे चंद्र दिसला, गल्लीतली माणसं एकमेकांना भेटली, आणि आपा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर ठेवून, रेल्वे स्टेशनवर बसतात तशी.

"बुढन," ती म्हणाली, "उद्या दुपारची एक बस आहे ना?"

दर वर्षी निदान दुसऱ्या दिवशी जायची, आता ईदच्याच दिवशी. पण मी मनाला समजावलं, अजून तिने शेवया खाल्ल्या नाहीत.

ईदच्या सकाळी मी आंघोळ करून, नवा कुर्ता घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून बाहेर आलो तर चुलीपाशी जैतून आणि रेहाना पातेल्यात वाकून उभ्या.

"अजी, हे बसूनच नाही राहिलं."

मी पाहिलं. दूध उकळत होतं आणि त्यात शेवया उभ्या होत्या. उभ्या म्हणजे उभ्या, ज्वारीच्या धांड्यांसारख्या. जैतूनने झाऱ्याने दाबलं, त्या वाकल्या, आणि झारा उचलताच परत उठल्या. "थोडा वेळ दे," मी म्हटलं. थोड्या वेळाने त्यांच्यावरची पाजणी सुटली. ती सुटून दुधात उतरली आणि दुधाची खळ झाली. घट्ट, फुगे सोडणारी, अस्सल. मग ती खळ शेवयांना पुन्हा लागली. रेहानाने झारा घालून थोडं वर उचललं तर सगळंच्या सगळं वर आलं, एका तुकड्यात, पातेल्याच्या आकाराचं, आणि लोंबकळत राहिलं.

दारातून नत्थूजी म्हणाला, "पीळ पक्का बसला."

ईदगाहला जायची वेळ होत आली होती. नमाजाआधी घरातून गोड खाऊन निघायचं असतं. नंतर सगळी गल्ली शीरखुर्मा खायला येणार. आणि जैतूनने माझ्याकडे अशी नजर टाकली, जी तिने लग्नापासून या दिवसासाठी जपून ठेवली असावी.

"सरक."

आपा खाटेवरून उठली होती. तिने पातेल्यात पाहिलं. मग रेहानाच्या हातातल्या झाऱ्यावर लोंबणाऱ्या त्या ऐवजाकडे पाहिलं.

"काय लावलं याले?"

जैतून नुसती माझ्याकडे पाहत होती, बोट दाखवण्याची गरजच नव्हती.

"खळ," मी म्हटलं.

"कायले?"

"तुटत होत्या."

आपा माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. लहानपणी मी वडिलांच्या मागाचा ताणा कापून पतंगाला दोरा केला होता, तेव्हा पाहिलं होतं तसं.

"बुढन," ती म्हणाली, "शेवई तोंडात तुटाले पाह्यजे. तिचं पातळ नाही नेसायचं."

आणि मग तिने पदर खोचला. "रुख्मा, शेवया आहेत का वं तुह्या घरी?"

नत्थूजीच्या मागे दारात उभ्या असलेल्या रुख्माबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आहेत ना आपा, डबा भरून आहेत. भाऊले मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

"आन. जैतून, दुसरं दूध ठेव. तूप एवढं नको, लोकाईले न्हाऊ नाही घालायचं. रेहाना, खोबरं कोनं कापलं? हे खोबरं आहे का कौलं? पुन्हा काप. नत्थू, दारातून हट, उजेड येऊ दे. अन् बुढन, तू इथून जा."

माझ्या हातात एक खजूर ठेवून मला माझ्याच घरातून ईदगाहला रवाना करण्यात आलं. रस्त्यात भेटेल तो विचारत होता, "काय बुढनभाई, झाल्या का शेवया?" मी ईदच्या दिवशी खोटं बोलत नाही, म्हणून मी फक्त ईद मुबारक म्हणत गेलो.

परत आलो तर घर माणसांनी भरलेलं. आपा चुलीपुढे पाटावर बसली होती, मनगटांना फडकी तशीच. तिचा हात चालत नव्हता पण तोंड असं चालत होतं की तिघी बाया तिच्या हाताखाली धावत होत्या. रुख्माबाईच्या जाडसर शेवया तिने तुपात कशा भाजवून घेतल्या, कधी दूध ओतायला लावलं, मला ठाऊक नाही. पण वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली घेतली. रेहाना म्हणाली, "अब्बा, कशी झाली?" मी वाटी पुढे केली.

मनोहररावांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि मिशा पुसत विचारलं, "आमच्या मशीनच्या काय?" मी आढ्याकडे पाहिलं. रुख्माबाई शांतपणे म्हणाली, "तर काय साहेब." मनोहररावांना फार समाधान झालं. योजना यशस्वी झाली असं ते पुढे वर्षभर सांगत होते.

दुपारी बसची वेळ झाली. माझा बेत फसला होता, हे मला मान्य करणं भाग होतं. चोख घर दाखवायचं होतं, ते असं दाखवलं. मी आपाचं गाठोडं उचललं आणि जमेल तेवढ्या मानाने म्हटलं, "आपा, चल. बस निघेल."

ती रेहानाला बदाम सोलायला शिकवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"कोनती बस?"

"उमरेडची. तूच म्हणाली होतीस."

"म्हटलं असन. तेव्हा मले काय मालूम, तुह्या घरी हे हाल आहेत? ह्या दोघीईले शेवई येत नाही. तुले तर अक्कलच येत नाही. मी गेली तर पुढच्या ईदले काय, धोतर शिजवशीन?" मग बदामाचं साल बाजूला टाकून म्हणाली, "उद्या तूच जा उमरेडले. माहा शेवयाचा पाट आन. पेटी आन. कोंबड्या शेजारच्या रुपरावले देऊन टाक. अन् ते गाठोडं ठेव खाली, त्यात माही चष्म्याची डबी आहे."

मी गाठोडं खाली ठेवलं. माझ्या मनात आलं होतं, जैतूनला सांगावं की पहा, शेवयांनी आपा थांबली की नाही? पण तिने ते ओळखलं आणि माझ्याआधीच म्हणाली, "चूप राहा."

ती पातेल्याच्या आकाराची वस्तू पुढे वाळली. गायीने दुसऱ्यांदा नाकारली. फेकवेना, म्हणून मी ती मागाच्या वर खिळ्याला अडकवून ठेवली. आपा त्यानंतर आमच्याकडे राहिली ती शेवटपर्यंत. घर म्हटलं की भांडणं होतातच. कधी जैतूनशी वाजलं, कधी चहाला उशीर झाला, की आपा पेटी ओढायची आणि म्हणायची, "चालली मी उमरेडले." घरात सगळे घाबरायचे. मी सावकाश खड्ड्यातून उठायचो, खिळ्यावरची ती वस्तू काढायचो, तिच्यावरची धूळ फुंकायचो, आणि भिंतीकडे तोंड करून विचारायचो, "नत्थूजी, कुंचा मोकळा आहे काय?"

पलीकडून नत्थूजी म्हणायचा, "आहे ना. आनू?"

आणि मागे पेटी परत भिंतीला सरकल्याचा आवाज यायचा.